पाळकांनी उचललेला डबा

माझ्या नवऱ्याच्या पोटात गोष्ट राहते, पण चेहऱ्याला ते जमत नाही. हे मी लग्नानंतर महिन्याभरातच ओळखलं. गावाला जरा जास्त वेळ लागला, एवढंच.

ते आमच्या गावच्या प्रार्थनाघराचे पाळक. लग्नं लावायची, मेलेल्याला माती द्यायची, आजाऱ्याच्या उशाशी बसायचं, आणि कोणाच्या मनात काही टोचत असेल तर ते ऐकून घ्यायचं. या शेवटच्या कामासाठी आमच्या घरात एक छोटी खोली आहे. दोन खुर्च्या, एक खिडकी, अंगणातून यायला एक मागचं दार. तिथे जे बोललं जातं ते तिथेच राहतं. बायकोलासुद्धा सांगायचं नाही. नवी होते तेव्हा मी लाडीगोडी लावून पाहिली, रुसून पाहिलं, एकदा अबोलाही धरला. शेवटी मीच बोलले, कारण मला गप्प बसवत नाही आणि त्यांना माझं गप्प बसणं फार आवडायला लागलं होतं.

अडचण एकच, त्या खोलीची भिंत पातळ आहे. म्हणून खोलीचं दार आतून लागलं की मी बाहेरच्या शिलाई मशीनवर बसते आणि पाय मारायला लागते. सुईत दोरा असो नसो. मशीनची घरघर सुरू झाली की आतलं बोलणं आत राहतं. शेजारीण म्हणते, "बाई, दिवसभर शिवता, आणि पाळकसाहेबांच्या सदऱ्याला बटण म्हणून नाही!"

घरात तिसरे माझे बाबा. जन्मभर सुतारकी केली आणि आई गेल्यावर आमच्याकडे आले. लेकीच्या घरी राहावं लागतं याची त्यांना लाज वाटते, आणि ती ते आवाज चढवून झाकतात. चहात साखर कमी, खिडकी चुकीच्या बाजूला, जावयाचं प्रवचन लांब. आमचे हे त्यांना मामा म्हणतात आणि प्रत्येक गोष्टीत वाद घालतात. एकानं पूर्व म्हटलं की दुसऱ्यानं पश्चिम म्हणायचं, मग दोघांचीही भूक वाढते.

त्या वर्षी गहू कापून झाला आणि नेमकं आभाळ भरून यायला लागलं. सकाळी ऊन, दुपारनंतर ढग. प्रार्थनाघरामागच्या तुकड्यातला गहू हेच आमचं वर्षाचं पोट, आणि बाकी गावाचंही तसंच, कोणाचा तुकडा मोठा, कोणाचा लहान. सगळ्यांच्या पेंढ्या बांधून गंजी लागल्या होत्या आणि सगळ्यांचे डोळे एका मळणीयंत्राकडे लागले होते. यंत्र गावात एकच, सर्वांनी मिळून घेतलेलं. ते चालवणाऱ्याला सगळे ड्रायव्हर म्हणत. बिचाऱ्यानं जन्मात हलणारं काही चालवलं नव्हतं. मळणीयंत्र एका जागी उभं राहूनच धडधडतं. पण नाव पडलं ते पडलं. यंत्राच्या शेडला लागून एक खोली होती, तिच्यात तो बायकोसह राहायचा. नोकरी आहे तोवर खोली.

मळणीच्या पहिल्या सकाळी गाव खळ्यावर जमलं. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं, पट्टा फिरला, पहिल्या पेंढ्या आत गेल्या. मग असा आवाज झाला, जणू कोणीतरी पोतंभर भांडी जिन्यावरून सोडून दिली. ड्रायव्हरनं धावत जाऊन इंजिन बंद केलं. धूळ बसल्यावर बघतो तर आतला ड्रम एका बाजूनं खाली आलेला, बेअरिंग फुटलेलं आणि लोखंडी दात वाकडे झालेले.

यंत्राचा कारभार मोठेभाऊंकडे. गावातला सगळ्यात मोठा शेतकरी, आवाजही तेवढाच मोठा. त्यांनी वाकून पाहिलं आणि नट बोटांनी फिरवून दाखवला. "सैल आहे. हातानं फिरतोय. काय रे, कसले नव्हतेस?"

"काल दुपारी मी स्वतः कसले होते," ड्रायव्हर म्हणाला.

"मग रात्रीतून त्यांना पाय फुटले का?"

सगळ्यात जास्त बाबाच ओरडले. "हलगर्जीपणा! शुद्ध हलगर्जीपणा! आमच्या वेळी असं झालं असतं तर..." त्यांच्या वेळी काय झालं असतं ते त्यांनी सांगितलं नाही. वाक्य अर्ध्यावर टाकून ते घरी निघून गेले. मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल.

नवीन बेअरिंग शहरातून यायला आठवडा तरी लागणार होता. तोवर आभाळ थांबेल याची खात्री नव्हती. म्हणून गाव हातानं झोडपणीला लागलं. मोठी फळी तिरकी उभी करायची, पेंढी दोन्ही हातांनी धरायची, डोक्यावरून आणून फळीवर आपटायची, वळवायची, पुन्हा आपटायची. दाणे उडतात, कुसळं गळ्यात जातात, आणि तासाभरात खांदे आपले आहेत की शेजारच्याचे ते कळेनासं होतं.

दुपारी मी पाणी प्यायला घरात आले तर खोलीचं दार आतून लागलेलं. मागच्या दारानं कोणीतरी आलं होतं. दमलेल्या पायांनी मी मशीनवर बसले. खूप वेळ पाय मारले. शेवटी दार उघडलं तेव्हा हे एकटेच बाहेर आले. कान लाल, डोळे जमिनीकडे.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"मी टाकतो," हे म्हणाले. तेव्हाच मी समजले की प्रकरण जड आहे, कारण आमच्या ह्यांना चहाचा डबा कुठे असतो हेही माहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून हे आपली झोडपणी झाली की दुसऱ्यांच्या खळ्यावर मदतीला जायला लागले. कोणाची पेंढी उचल, कोणाचा गहू वाऱ्यावर धरून भुसा उडव. जाता जाता त्यांना ड्रायव्हर दिसला. इंजिन धुण्यासाठी पाण्याचा डबा घेऊन लंगडत चालला होता, गुडघा सुजलेला. ह्यांनी त्याच्या हातातून डबा घेतला, शेडपर्यंत नेऊन ठेवला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून दोन शब्द बोलले. डबा काय, माझा नवरा कोणाचाही उचलतो. पण त्या वेळी न्हावी बघत होता.

मळणीच्या दिवसांत न्हावी आपली खुर्ची खळ्याजवळच्या झाडाखाली आणतो. गिऱ्हाईक दाढीला बसलं की त्याची मान न्हाव्याच्या हातात आणि कान न्हाव्याच्या ताब्यात. मी मोठेभाऊंच्या खळ्यावर चहाची किटली घेऊन चालले होते, तेव्हा त्याचा आवाज ऐकला.

"माझा अनुभव सांगतो. पाळकसाहेब तोंडातून ब्र काढत नाहीत, मान्य. पण ज्यानं त्यांच्याकडे जाऊन काही कबूल केलंय ना, त्याच्याशी ते गोड वागायला लागतात. मागे ज्यानं बांध सरकवला होता, त्याच्या घरी हे आठवडाभर दूध पोचवत होते! आता बघा. पाण्याचा डबा. खांद्यावर हात."

"म्हणजे ड्रायव्हर?" साबण लावलेलं तोंड म्हणालं.

"मी कशाला नाव घेऊ?" न्हावी म्हणाला आणि वस्तरा पुसला.

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. ड्रायव्हरनंच नट सैल ठेवले आणि पाळकांकडे जाऊन रडला, यात आता कोणाला शंका उरली नाही. नळावर ड्रायव्हरची बायको आली तेव्हा बायकांनी तिला वाट करून दिली. भांडण झालं असतं तर बरं, ही वाट फार वाईट. ती बिचारी हंडा भरून खाली मान घालून गेली. त्याहून गंमत म्हणजे लोक माझ्या नवऱ्यालाही चुकवायला लागले. हे एका खळ्यावर पेंढी उचलायला गेले तर तो शेतकरी हात जोडून म्हणाला, "पाळकसाहेब, पाया पडतो, माझ्याशी चांगलं वागू नका. मला अजून पोरीचं लग्न करायचंय."

ह्यांनी उपाय काढला तो असा की सगळ्यांशीच सारखं गोड वागायचं. सकाळी निघाले आणि दिसेल त्याच्या खांद्यावर हात ठेवत सुटले. दुपारी न्हावी म्हणाला, "बघा, घाबरले. लपवतायत." चांगुलपणा करून माणूस एवढा अडचणीत आलेला मी तोवर पाहिला नव्हता.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. बाबांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "भाजीत मीठ जास्त झालंय."

मी वाट बघत होते. आता हे म्हणणार, मामा, मीठ कमीच आहे, तुमची जीभच खारट.

"हो मामा," हे म्हणाले. "झालंय खरं."

मी भाजी चाखली होती. मीठ बरोबर होतं.

"आणि ही खिडकी उत्तरेला हवी होती," बाबा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात दम नव्हता.

"हवी होती, मामा." आणि ह्यांनी आपल्या पाठीची उशी काढून बाबांच्या पाठीशी ठेवली.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. मी बाबांकडे पाहिलं. ते ताटातल्या भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत होते, खात नव्हते. गेल्या मळणीपासून वर्षभर हा माणूस सांगत फिरत होता की ते यंत्र कण्हतंय, त्याला फार आवळलंय, लाकडाला फुगायला जागा ठेवतात तशी लोखंडालाही ठेवायला हवी. कोणी ऐकत नव्हतं. आणि मळणीच्या आदल्या संध्याकाळी ते हातात पाना घेऊन "पाय मोकळे करून येतो" म्हणून गेले होते. पाय मोकळे करायला पाना कशाला लागतो, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं.

मागच्या दारानं आलेला माणूस घरातलाच होता. मी माझ्याच बापाच्या कबुलीवर तासभर मशीन चालवली होती.

संताप संताप झाला. तिकडे एक निरपराध माणूस खोली सोडायच्या तयारीत, आणि इकडे आमचे तीर्थरूप भाकरी कुस्करत बसलेत! तोंडापर्यंत शब्द आले होते. पण बोलले असते तर बाबांना काय वाटलं असतं? जावयानं लेकीला सांगितलं. गावाला काय वाटलं असतं? पाळकानं बायकोला सांगितलं. मला हे मिठावरून कळलं, यावर कोणी विश्वास ठेवला असता का? त्या खोलीत पुन्हा कुत्रंही आलं नसतं. मला कोणी शपथ घातली नव्हती, पण मीही अडकले. मग माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. भांडी आपटली.

"आज भांडी फार वाजतायत," हे म्हणाले.

"त्यांना काय, वाजून टाकता येतं," मी म्हणाले. बाबा उठून विळ्याला धार लावायला गेले. विळा आधीच धारेचा होता.

दुसऱ्या दिवशी मोठेभाऊ आमच्या खळ्यावर आले. मी आणि बाबा झोडपत होतो, हे पेंढ्या सोडून देत होते.

"पाळकसाहेब, रविवारी उपासनेनंतर बैठक आहे. ड्रायव्हरला काढायचं ठरतंय. मला अन्याय करायचा नाही. तुम्ही नाव सांगू नका, फक्त मान हलवा."

"मोठेभाऊ, मान हलवली तरी ती माझीच मान."

"बरं, मग तो नव्हे एवढं तरी सांगा. तेवढ्यानं तो वाचेल."

ह्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. कपाळावरचा घाम कुसळांसकट पुसला. मग म्हणाले, "आज तो नव्हे म्हणालो, तर उद्या तुम्ही दुसऱ्याचं नाव घ्याल, परवा तिसऱ्याचं. ज्याच्या नावावर मी गप्प राहीन तो उघडा पडेल. मुळात माझ्याकडे कोणी आलं होतं की नाही, हेसुद्धा मी सांगत नाही. कोणी आलं नसतं तरी आज असाच बोललो असतो. माझ्या गप्प बसण्यावरून कोणाला शिक्षा करू नका, एवढंच हात जोडून सांगतो."

"म्हणजे तोच," मोठेभाऊ म्हणाले.

"मी तसं म्हणालो नाही!"

"तसं नाही असंही म्हणाला नाहीत." मोठेभाऊ उसासा टाकून निघाले.

माझ्या नवऱ्याचा आवाज मी पहिल्यांदाच असा फाटलेला ऐकला. बाबांच्या हातातली पेंढी फळीवर न आपटता खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि खूप वेळ वाकलेलेच राहिले. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी पाठीत धपाटा घालावासाही वाटला.

रविवारी उपासना झाली. प्रवचन इतकं छोटं होतं की म्हातारी माणसं जागी होईपर्यंत संपलं. मग सगळे अंगणातल्या बाकांवर बसले. आभाळ उतरून आलं होतं, वारा सुटला होता, आणि सगळ्यांना घरी जाऊन गंजी झाकायच्या होत्या. घाईत घेतलेले निर्णय कसे होतात ते सांगायला नको.

मोठेभाऊ म्हणाले, "ड्रायव्हर, तुला काही बोलायचंय?"

ड्रायव्हर उभा राहिला. धुतलेला सदरा, तेलकट नखं. मोठेभाऊंकडे न बघता तो माझ्या नवऱ्याकडे वळला. "पाळकसाहेब, तुम्ही माझा डबा उचललात तेव्हापासून हे सुरू झालं. मी सांगतो ना, माझी परवानगी आहे. सगळ्यांसमोर सांगा. मी तुमच्या खोलीत आलो होतो का?"

ह्यांचे ओठ हलले. मी पदराची गाठ घट्ट धरली होती आणि मनात म्हणत होते, सांगा हो, जाऊ दे ती खोली, सांगून टाका.

"कोण आलं, कोण आलं नाही, मी सांगू शकत नाही," हे म्हणाले. "मला माफ कर." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

ड्रायव्हर खाली बसला. त्याच्या बायकोनं तोंड फिरवलं. न्हाव्यानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं.

तेवढ्यात माझ्या मागचा बाक करकरला.

"अर्धा आटा!" बाबा ओरडले. "फक्त अर्धा आटा सैल केला होता मी!"

सगळ्या माना वळल्या. बाबा उभे होते, लालबुंद, काठी हवेत. "त्याला नका काढू. पाना माझा, हात माझा. आदल्या संध्याकाळी जाऊन मी नट सैल केले. यंत्र कण्हत होतं, मी वर्षभर सांगत होतो, कोणी ऐकलं का?"

"अर्धा आटा?" ड्रायव्हर उडून उभा राहिला. आपण सुटलो याचा आनंद त्याला अजून झालाच नव्हता, आधी रागच आला. "अहो, अर्ध्या आट्यानं ड्रम निसटतो! ते लोखंड आहे, तुमचा पाट नव्हे!"

"लाकडाला श्वास घ्यायला जागा लागते!"

"लाकडाला लागते! लोखंड कशाला श्वास घेईल?"

"मग कण्हत का होतं?"

"तेल कमी होतं! ते मी त्या दिवशी सकाळी घातलं होतं!"

बाबांचं तोंड उघडं राहिलं. "तेल," ते हळूच म्हणाले. मग काठी टेकून ड्रायव्हरच्या बाकापर्यंत चालत गेले. एवढ्या लोकांतून, सगळे बघत असताना. "चुकलो बाबा. तुझ्या नावानं सगळ्यांत मोठ्यांदा मीच ओरडलो. लेकीच्या घरी राहतो, वाटलं, हे कळलं तर तिला गावात तोंड दाखवता येणार नाही. तुझ्या बायकोचं तोंड मला दिसलं नाही. मला माफ कर." आणि माझ्या बापानं, ज्यानं आईचीसुद्धा कधी माफी मागितली नव्हती, ड्रायव्हरच्या बायकोसमोर हात जोडले.

मला रडू आलं. लाज वाटायला हवी होती, पण त्या म्हाताऱ्याचा मला असा अभिमान वाटला की काही विचारू नका.

मोठेभाऊ घसा खाकरून म्हणाले, "मग आता हा सगळा हंगाम तुम्ही ड्रायव्हरच्या हाताखाली. तो सांगेल ते काम."

"पाना मात्र हातात देणार नाही," ड्रायव्हर म्हणाला. तेव्हा पहिलं हसू फुटलं, आणि मग सगळं अंगण हसलं. कोणीतरी न्हाव्याला विचारलं, "का रे, तुझा तो अनुभव?"

"पाळकसाहेब घरात कोणाला उशी देतात ते मला झाडाखालून कसं दिसणार?" न्हावी म्हणाला. त्याला उशीचं कोणी सांगितलं कोण जाणे. आमची शेजारीण खिडकीतून बघते, तिचंच काम असणार.

पाऊस आला, पण शिंतोडे टाकून गेला. बेअरिंग आलं, यंत्र उभं राहिलं. आमच्या उरलेल्या पेंढ्यांची पाळी आली त्या दिवशी बाबा ड्रायव्हरच्या मागेमागे तेलाची बुधली घेऊन फिरत होते आणि ड्रायव्हर त्यांच्यावर मनसोक्त ओरडत होता. त्यांच्याशी वाद घालायला आता एक माणूस वाढला होता, त्यामुळे तब्येत सुधारली होती. घरी मीठ पुन्हा कमी पडायला लागलं होतं.

दुपारी इंजिन बंद करून आम्ही भुशाच्या ढिगाजवळ बसलो. ड्रायव्हरनं पाणी प्यायलं आणि ह्यांना म्हणाला, "पाळकसाहेब, त्या रविवारी तुम्हाला सगळं माहीत होतं ना?"

हे भुशातली काडी उचलून तिच्याकडे बघत बसले.

"बघा!" ड्रायव्हर हसला. "अख्ख्या गावाला माहीत झालं, म्हातारा स्वतः ओरडला, तरी हे अजून सांगत नाहीत!" मग त्याचं हसू ओसरलं. "त्या दिवशी तुमचा फार राग आला होता. घरी जाऊन बायकोला म्हणालो, या माणसानं माझ्यासाठी एक शब्द खर्च केला नाही. ती म्हणाली, तुमच्यासाठी नाही केला, तर उद्या तुमच्याविरुद्धही कोणासाठी करायचा नाही."

तो थोडा वेळ आपल्या नखांतलं तेल काढत राहिला. "मला एक सांगायचंय तुम्हाला. बरीच वर्षं झाली त्याला. कोणालाच सांगितलं नाही, तिलासुद्धा नाही. इथे सांगितलं तर चालेल?"

"चालेल," हे म्हणाले आणि काडी खाली ठेवली.

मी टोपली उचलली. "बाबा, चला."

"कुठे?"

"त्या टोकाला."

"तिथे काय आहे?"

"काही नाही."

कोणाच्या घरी काय शिजतंय हे कळल्याशिवाय ज्याला झोप येत नाही असा हा माणूस. बाबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले. बांधापाशी पोचल्यावर मी थांबले, टोपली खाली ठेवणार, तर त्यांनी माझा दंड धरला.

"अजून पुढे चल," ते म्हणाले. "वारा तिकडून येतोय, इथवर ऐकू येईल."